बाटल्या जप्त करणाऱ्या टीचर

दुधाची बाटली कुणाच्याही पोराच्या हातात दिसली की टीचर ती काढून घेत, बूच फिरवत आणि नाकाशी नेत. बाजारात आपण बांगड्याचा कल्ला उचलून तो आजचा की कालचा ते बघतो, अगदी तसे. मग बाटली परत मिळे किंवा मिळत नसे. ते वासावर नव्हे, पोराच्या वयावर ठरे. पोर दीड वर्षाच्या पुढचे असेल तर बाटली त्यांच्या काळ्या पर्सेत जाई आणि ठरलेले वाक्य येई, "पोट भरलां, पूण भुरगें उपाशी." पोट भरले, पण पोर उपाशीच.

हे वाक्य आमच्या वाड्यावर इतके मुरले होते की ग्रामसभेत लांबलचक भाषण संपले की मागच्या बाकावरून कुणीतरी ते हमखास म्हणे. लोक हसत. टीचर हसत नसत. त्यांना त्यात विनोद दिसत नसे.

तुम्हीही अशी बाई कुठेतरी पाहिली असेल. खांद्याला वजनकाटा, हातात छत्री, चष्म्याला दोरी, आणि चालणे असे की समोरून येणाऱ्याने बाजूला व्हावे. अंगणवाडीत त्यांची तीस वर्षे गेली होती. त्यांना नाव होते, पण ते फक्त सरकारी कागदांवर. बाकी सगळ्यांना त्या टीचर. ज्यांना त्यांनी काट्यावर लोंबकळवून रडवले होते, त्यांची लग्ने झाली होती, आणि ते आता आपली पोरे रडवायला त्यांच्याकडेच आणत.

मी मात्र नेत नव्हते. आम्ही डिचोलीपासून चार किलोमीटरवर राहतो. खाणीचा रस्ता दारावरूनच जातो. ट्रक गेला की तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळ्यावर तांबडा थर बसतो. यजमान खाणीवर सुपरवायझर, मी डिचोलीत बँकेत, सासूबाई घरी. दोन पगार येणाऱ्या घरातले मूल अंगणवाडीतली खिचडी खायला कशाला पाठवायचे, असा आमचा रुबाब होता.

रुद्र तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता आणि दिवसाला सहा बाटल्या दूध पीत होता. आज हे मी मान खाली घालून सांगते. तेव्हा मान वर करून सांगत होते. शेजारची पोरे पेज खात, उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, तुकडा धुळीत पाडत आणि उचलून पुन्हा तोंडात घालत. आमचे बाळ स्वच्छ होते. शिवाय गोरे होते. माझ्या माहेरी कुणी गोरे नाही, सासरी नाही, पण हा महिन्यामहिन्याला उजळत चालला होता. सासूबाई रोज त्याच्या गालावर काजळाची तीट लावत. एवढ्या गोऱ्या पोराला दृष्ट लागायला कितीसा वेळ?

खोड एकच होती. अंगणात सोडला की तो माती खायचा. मूठमूठ तांबडी माती. यजमान म्हणायचे, "कंपनीचा माल खातोय. लोखंडासारखा घट्ट होणार बघ." आणि आम्ही हसायचो.

एका रविवारी सकाळी टीचर स्वतःच दारात उभ्या राहिल्या. वाड्यावरच्या सगळ्या मुलांची वजने झाली होती, यादीत एकच नाव कोरे होते. त्यांनी काटा दाराच्या आडव्या लाकडाला अडकवला आणि रुद्रला झोळीत बसवला. वजन चांगले भरले. सासूबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू त्यांनीच परीक्षा दिली होती.

टीचरांनी काट्याकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी रुद्रच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. मग त्याचा तळहात आपल्या तळहाताशेजारी ठेवला.

"खाता कितें?"

"दूध," मी म्हणाले.

"आनीक?"

"दूधच. दुसरं काही घेतच नाही."

"माती खाता?"

मी यजमानांकडे पाहिले. त्यांना वर्तमानपत्रात अचानक काहीतरी फार महत्त्वाचे सापडले होते.

"हें गोरेपण न्हय गो बाय," टीचर म्हणाल्या. "रगत ना ताच्या आंगांत."

सासूबाईंना राग आला. मलाही आला. सोन्यासारखे मूल, त्यात ही खोट काढते! तरी दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डिचोलीच्या डॉक्टरांकडे नेले, मुख्यतः टीचरांना खोटे पाडायला. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि टीचरांनी सांगितले तेच इंग्रजीत सांगितले. ते मात्र आम्हाला लगेच पटले. हिमोग्लोबिन सहाच्या जवळ आले होते. आणखी उतरले तर रक्त चढवावे लागेल. लोहाचे औषध रोज. बाटली बंद. दूध कमी, जेवण सुरू.

परत येताना आमची गाडी खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकली. यजमान स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या ट्रककडे बघत होते. वर ताडपत्री आणि फटीतून सांडणारे तांबडे खडे. या तालुक्यातून डोंगरच्या डोंगर लोखंड बोटीत बसून परदेशी गेले. माझ्या मांडीवरच्या पोराच्या रक्तात ते चिमूटभर नव्हते. तो आपला उथळ श्वास घेत झोपला होता, तोंडात बाटली. मी ती काढली नाही. काढली असती तर तो उठला असता.

मग आम्ही सुशिक्षित लोक जे करतो ते मी केले. टेबलाला चिकटणारी वाटी आणली, हत्तीच्या तोंडाचा चमचा आणला, मोबाइलवर पाहून गाजर, सफरचंद, बटाटा असे काय काय शिजवून गाळून ठेवले. रुद्रने तोंड मिटून घेतले. हत्ती आला, विमान आले, त्याचे तोंड मिटलेलेच. चौथ्या दिवशी मी टीचरांच्या दारात उभी राहिले. रुबाब घरी ठेवून गेले होते.

"बाटल्यो किती?" त्यांनी विचारले.

"चार."

"चारूय हाड." चारही घेऊन ये, म्हणाल्या.

त्यांच्या खाटेखाली बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात बाटल्याच बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर मुलाचे नाव. मी विचारले, या फेकून का देत नाही? त्या म्हणाल्या, "सरकारी मनीस हांव. लोकांची वस्त फेकूंक मेळना." रुद्रच्या चार बाटल्या त्या डब्यात गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी सुटली की दीड वाजता त्या आमच्याकडे येऊ लागल्या. मी रजा टाकली होती. मला वाटले होते, काहीतरी युक्ती करतील. पहिल्या दिवशी त्यांनी जमिनीवर पाट घेतला, आपला डबा उघडला आणि जेवल्या. नाचण्याची भाकरी, आळसाण्यांचा, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचा, रस्सा, वर खोबऱ्यात कालवलेला सुका जवळा. आवाज करून, बोटे चाटत जेवल्या. समोर रुद्र बसला होता. त्याला एक कणही दिला नाही.

"थोडं भरवून बघा ना," मी म्हणाले.

"ताका मागूंदी," त्या म्हणाल्या, डबा धुतला आणि गेल्या.

पेल्यातून दूध दोनदा, तेवढेच चालेल असे त्यांनी सांगून ठेवले होते. रुद्रने पेला भिरकावला. तो रडला, आणि त्याच्यापेक्षा जास्त सासूबाई रडल्या. दुसऱ्या दिवशी टीचर आल्या तर पोर एकदम शांत. आम्हाला आनंद झाला. टीचर वाकल्या, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि सरळ सासूबाईंकडे वळल्या.

"वयनी, पांचवी बाटली खंय आसा?"

पाचवी बाटली तांदळाच्या पिंपात होती. सासूबाईंनी ती काढून जमिनीवर आपटली. "उपाशी मारतली तूं म्हज्या नातवाक!"

"उपाशी तो आतां आसा, वयनी," टीचर म्हणाल्या. "मारतना कळना, इतकेंच."

सासूबाई आत गेल्या आणि दार लावून घेतले. मी मनातून खूष झाले. दोष सापडला होता आणि तो माझा नव्हता. पण सहावी बाटली माझ्याकडे होती, आणि ते फक्त मला ठाऊक होते. डिचोलीच्या बाजारातून मीच ती आणली होती, अगदीच अडलं तर असावी म्हणून. त्या संध्याकाळी अडले. निदान मला तसे वाटले. मागच्या पडवीत बसून मी रुद्रला जवळ घेतले आणि बूच फिरवत होते, एवढ्यात समोर एक उघडा तळहात आला. टीचर डबा विसरल्या होत्या म्हणून परत आल्या होत्या.

मी बाटली देईना. म्हणाले, "टीचर, ह्याला सवय आहे, एकदम कशी सुटेल?"

"ताची सवय तीन दिसांची," त्या म्हणाल्या. "बाटली भुरग्याची न्हय गो. बाटली तुजी."

ते खरे होते. बाटली तोंडात दिली की वीस मिनिटे मिळत. त्या वीस मिनिटांत मी आंघोळ करी, साडी नेसे, डबा भरी आणि तो रडायच्या आत फाटकाबाहेर पडलेली असे. दोन वर्षे मी त्याच्या तोंडातल्या बाटलीचा निरोप घेऊन बँकेत जात होते. मी रडू लागले. रुद्र माझ्याकडे कुतूहलाने बघत राहिला; घरात आपल्याशिवाय दुसरे कुणी रडते आहे ही त्याला नवलाई होती. टीचर माझे आटोपेपर्यंत बसल्या आणि मग बाटली घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने औषध आणि दोन घोट पाणी यांशिवाय काही घेतले नव्हते. रडायचीही ताकद संपल्यासारखा भिंतीला टेकून बसला होता. मी डॉक्टरांना फोन करून विचारले. ते म्हणाले, लघवी होते आहे ना, मग संध्याकाळपर्यंत थांबा. यजमान कामावरून घरी येऊन बसले होते. सासूबाई देवापाशी. आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे दुकान किती वाजेपर्यंत उघडे असते.

टीचर दीडला आल्या. पाट घेतला, डबा उघडला. आज भाकरी नव्हती, सकाळचा उंडा होता. तो त्यांनी मोडून रश्शात बुडवला. रुद्रचे डोळे त्यांच्या हाताबरोबर वर गेले आणि खाली आले. आम्ही तिघेही श्वास रोखून पुढे वाकलो.

"पळोवं नाकात ताका," आमच्या टक लावून बघण्यावर टीचर चवताळल्या. "पळयलें की तो रावता. तोंड फिरयात, सगळ्यांनी!"

आणि आम्ही फिरवले. खाणीवर शंभर माणसांना हाकणारे माझे यजमान, बँकेतली मी आणि गावात कुणाचे न ऐकणाऱ्या सासूबाई, असे तिघे भर दुपारी आमच्याच घरात भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे टीचर छताशी बोलावे तशा बोलत होत्या. वीज कशी रोज जाते, रस्त्यावरचा खांब कसा वाकला आहे, तक्रार करूनही कुणी कसे येत नाही. मध्येच त्यांचे बोलणे क्षणभर अडखळले आणि पुन्हा त्याच खांबावर आले.

माझ्यासमोर शोकेसची काच होती. तिच्यात मला दिसले. रुद्रने त्यांच्या ताटलीतला उंड्याचा भिजलेला तुकडा उचलला, तोंडात घातला, थुंकला. थुंकलेला उचलून पुन्हा घातला. त्याची हनुवटी हलू लागली. दोन वर्षांत मी माझ्या मुलाला चावताना पाहिले नव्हते. यजमानांचा हात माझ्या दंडावर होता. त्यांनी इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे निळे पडले.

त्याने अर्धा उंडा संपवला. टीचरांनी उरलेला आपण खाल्ला, डबा धुतला आणि म्हणाल्या, "आतां फिरात."

पुढचे सरळ नव्हते. चार दिवस खायचा, दोन दिवस रुसायचा. पण तीन-चार महिन्यांत पेज, भाकरी, माशाचे हुमण, अंडे, सगळे सुरू झाले. माती सुटली. रक्त वाढले. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली आणि मला शाबासकी दिली. मीही ती घेऊन ठेवली. रुद्र हळूहळू आमच्या सगळ्यांसारखा सावळा झाला. सासूबाई काजळाची डबी कपाटात ठेवताना म्हणाल्या, "पोर बरो जालो, पूण रंग गेलो." त्याबद्दल त्यांनी टीचरांना पूर्ण माफ केले असे मी म्हणणार नाही.

रुद्र अंगणवाडीत जाऊ लागला. तिथे मुले जेवतानाचा फोटो रोज मोबाइलवरून पाठवावा लागे, आणि रेंज मिळे फक्त ओहोळावरच्या मोरीपाशी. मग टीचर दुपारी थाळ्यांसकट पोरांची रांग मोरीवर नेत, फोटो काढत आणि परत आणून जेवायला बसवत. म्हणत, "सरकाराक जेवण दिसूंक जाय. पोट आमी पळोवया."

त्याच मोरीवर उभ्या राहून त्या रविवारी लंडनला मुलाशी बोलत. मुलगा तिथे एका गोदामात कामाला होता, सून दुकानात. नातू साडेतीन वर्षांचा. एकदा भाजी घेऊन येताना मी त्यांच्या मागे थांबले. पडद्यावर नातू सोफ्यावर लोळत कार्टून बघत होता आणि त्याच्या तोंडात बाटली होती. चांगली मोठी, निळ्या बुचाची.

मी टीचरांकडे पाहिले. त्या हसून "बाबू, हांगा पळय" म्हणत होत्या. फोन बंद झाल्यावर मी म्हणाले, "टीचर, तुम्ही काही बोलत नाही?"

"मोबायलांत वास येना," त्या म्हणाल्या. थोडे चालल्यावर स्वतःहून म्हणाल्या, "थंय हांव टीचर न्हय गो. थंय हांव आजी."

त्या वर्षी चतुर्थीला मुलगा, सून आणि नातू आले. वाड्यावर सगळे टपून बसले होते. आता टीचरांच्या घरात काय होते ते बघू! सासूबाईंनी तर आरतीला त्यांच्याकडे दोनदा चक्कर टाकली. बाटली तिथेच होती. टीचर ती उकळत होत्या, भरत होत्या आणि नातवाला नेऊन देत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाटलीचे निपल फाटले. दुकाने बंद, प्रवासाने शिणलेले पोर, परके घर, घरात पाहुणे आणि झांजांचा आवाज. पोराने असा टाहो फोडला की आरती थांबली. सून कावरीबावरी झाली होती. बिचारी रात्रपाळी करून मूल सांभाळणारी पोरगी, तिच्या डोळ्यांत मला माझी ती वीस मिनिटे ओळखू आली.

आम्ही घरी परतलो, आणि थोड्या वेळाने टीचर आमच्या दारात आल्या. नवी साडी, केसात फुले, आणि हातात चिकटपट्टी लावलेली बाटली.

"ही रुद्राची," त्या म्हणाल्या. "दिवूं?"

मला आधी हसू फुटले. मग त्यांचा चेहरा दिसला. मी म्हणाले, "टीचर, विचारता काय? ती तुमचीच."

"ना. तुमची. हांवें फकत दवरिल्ली."

माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या. दोन वर्षे त्या या दिवसाची वाट बघत होत्या. "टीचर, आतां कितें जालें तुमचें शास्त्र?"

टीचरांनी बाटलीवरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. रुद्रचे नाव हाताला चिकटले, ते झटकले.

"पावणो तो, वयनी," त्या म्हणाल्या. "आठ दिसांनी वतलो. पावण्याक कोण शिकयता?"

सासूबाईंकडे पुढचे वाक्यही तयार होते, असणारच. त्या मात्र आत गेल्या आणि करंज्यांचा डबा आणून टीचरांच्या दुसऱ्या हातात दिला.

टीचर जाऊन आता दीड वर्ष झाले. निवृत्त झाल्या त्याच सुमारास लंडनला सुनेला दुसरे मूल झाले, आणि दोन पोरांकडे बघायला घरचे माणूस हवे म्हणून बोलावणे आले. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. त्याऐवजी बिस्किटांचा डबा काखेत घेऊन घरोघर फिरल्या आणि ज्याची बाटली त्याला परत केली. मिशा फुटलेल्या दोन-तीन पोरांना त्यांच्या मित्रांसमोर मिळाली. अंगणवाडीत आता तरुण बाई आल्या आहेत. चांगल्या आहेत. मोरीवरची रेंजही सुधारली आहे.

मोपाच्या विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेले होते. मे महिना, पठारावर सावलीला झाड नाही. आत शिरायच्या दरवाजाजवळ वजन करायचे यंत्र होते, त्यावर त्यांची बॅग ठेवली तर चार किलो जास्त भरली. उघडून पाहिले. वर दोन स्वेटर, एक शाल, मुलाने पाठवलेला जाड कोट, आणि खाली पाच किलो नाचण्याचे पीठ.

"टीचर, पीठ काढू या. तिथे सगळं मिळतं."

"पीठ न्हय," त्या म्हणाल्या.

त्यांनी पहिला स्वेटर काढला आणि साडीवर चढवला. त्यावर दुसरा. त्यावर शाल. त्यावर कोट, आणि कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावली. बॅग पुन्हा यंत्रावर ठेवली. काटा बरोबर आला. घाम कानशिलावरून चष्म्याच्या दोरीत उतरत होता. मी पुसायला गेले तर माझा हात बाजूला केला, आणि एकदा, घाईघाईने, आपल्या गालाला लावला.

दरवाजावरच्या जवानाने तिकीट हातात घेतले आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "माँजी, इतनी गर्मी में इतनी ठंड?"

"आतां ना," टीचर म्हणाल्या. "मागीर लागतली."

नंतर लागेल म्हणजे कुठे, ते त्याला कळले नाही. त्याने तिकीट परत दिले, आणि त्या बॅग ओढत आत गेल्या.